चांदीच्या जुन्या रुपयाला प्रमाणपत्र कधी हवं?

लक्ष्मीपूजनाला देवघरातला चांदीचा रुपया बाहेर निघतो, चिंचेनं घासून लखलखीत केला जातो आणि त्याच संध्याकाळी घरातलं कुणीतरी मोबाइलवर त्याची किंमत शोधू लागतं. जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळाल्याचे व्हिडिओ ढिगानं सापडतात. मग कुणीतरी सुचवतं, परदेशी संस्थेकडून ग्रेडिंग करून घ्या. बहुतेक घरांनी हा खर्च करू नये.

ग्रेडिंग म्हणजे नाण्याची प्रतवारी. अमेरिकेतल्या पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था 1980 च्या दशकात सुरू झाल्या. नाणं खरं आहे का हे त्या तपासतात, 1 ते 70 यांपैकी एक अंक देतात आणि ते प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत करतात. या मापाचं मूळ विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकी तांब्याच्या सेंटसाठी मांडलेल्या मोजणीत आहे. हा अंक नाणं किती चांगल्या स्थितीत आहे ते सांगतो. ते किती दुर्मीळ आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

पंचम जॉर्जचा 1918 चा रुपया घ्या. मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींत तो कोट्यवधींच्या संख्येनं पाडला गेला. वजन 11.66 ग्रॅम, त्यात जवळपास 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी. राजाच्या मुकुटावरची नक्षी झिजून सपाट झाली असेल, तर अशा रुपयाची किंमत मुख्यतः त्यातल्या चांदीची. त्यावर फी, टपाल आणि विमा यांचा खर्च घातला, तर तो वसूल होणं कठीण. शिवाय घासलेलं नाणं तज्ज्ञांच्या नजरेतून सुटत नाही. पृष्ठभागावर बारीक ओरखडे दिसले, की या संस्था सहसा अंक न देता ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. माळेत ओवण्यासाठी कडी जोडलेल्या नाण्याचंही तेच होतं.

सहाव्या जॉर्जच्या 1939 च्या रुपयाची गोष्ट वेगळी. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. त्याआधीच्या वर्षाचे, म्हणजे 1939 चे रुपये आज फार थोडे उरले आहेत आणि त्यांच्या नकला मात्र भरपूर आहेत. इथे गिऱ्हाईक अडतं ते नाणं खरं की खोटं या एकाच प्रश्नावर. तो प्रश्न सुटल्यानं किंमत कित्येक पटींनी बदलत असेल, तर फी भरणं शहाणपणाचं.

1911 चा रुपयाही असाच दुर्मीळ. त्यावरच्या पंचम जॉर्जच्या पोशाखावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली गेली आणि 1912 पासून हत्तीचं चित्र सुधारलं. पण ग्रेडिंगचा सल्ला देणारे एक गोष्ट क्वचितच सांगतात. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे 1911 चा रुपया, आणि आता 1918 चाही, अमेरिकेला पाठवण्याचा प्रश्नच उरत नाही. तो इथल्याच जाणकाराला दाखवावा लागतो.

शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याला तर हे माप नीटसं लागूच पडत नाही. ती हातोड्यानं पाडलेली. अक्षरं काठाबाहेर गेलेली, आकार वेडावाकडा. तिचं मोल ठरतं ते लेख किती वाचता येतो, ती कोणत्या प्रकारची आहे आणि कुठून आली यावर.

राम-सीतेचं चित्र आणि ‘1818 ईस्ट इंडिया कंपनी’ असा मजकूर असलेल्या तांब्याच्या नाण्यांवर मात्र एक पैसाही घालवू नये. कंपनीनं अशी नाणी कधी काढलीच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुन्या नाण्यांच्या विक्रीसाठी कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द बँकेनं 2021 मध्ये जाहीर केलं आहे.

घरात जुनं नाणं असेल तर ते आहे तसं ठेवा, घासू नका. वजन करा, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा, ते घरात कुणाकडून आलं हे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. तिथे खरी नाणी डोळ्यांखालून घाला. आणि नाणी जमिनीत पुरलेली सापडली असतील, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा ठेव्याबाबत 1878 च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे.