मोटारनाव आणि उन्हाळ्याची सुट्टी

उन्हाळ्याच्या सुट्टीवर आम्ही नववीच्या वर्गास निबंध लिहावयास सांगितला होता. त्यांत एका मुलानें मोटारनावेचें वर्णन लिहून आणलेलें पाहून आम्हांस प्रथम हंसूं आलें. आमची धाम नदी वैशाखांत पवनारपाशीं खडकांतून कशीबशी वाट काढते. तींत नाव फिरणार कोठें? परंतु निबंध पुरा वाचल्यावर हंसूं मावळलें. मुलाच्या मामांची कोंकणांत खाडीकांठीं लहानशी घरगुती मोटारनाव आहे. तिचें पांच अश्वशक्तीचें इंजिन काढून पंधराचें बसविलें, त्याचें कौतुक त्यानें दोन पानें केलें होतें. लाईफ जॅकेटांविषयीं मात्र एकच वाक्य होतें: तीं मळूं नयेत म्हणून मामी घरीं कपाटांत ठेवते!

हा दोष मुलाचा नव्हे. वडील माणसें ज्या वस्तूचें कौतुक करतात तीच मुलांच्या डोळ्यांत भरते. म्हणून हे चार शब्द विद्यार्थ्यांइतकेच पालकांसाठींही आहेत.

मोठ्या इंजिनाचा मोह आम्ही जाणतों. पण विज्ञानाच्या तासाला शिकलेलें तेथें थोडें लावून पाहावें. जी नाव पाणी कापीत चालते तिला होणारा पाण्याचा विरोध ढोबळ मानानें वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, व लागणारी शक्ति घनाप्रमाणें. म्हणजे वेग दुप्पट हवा तर शक्ति आठपट पाहिजे. सपाट बुडाची हलकी नाव पाण्यावरून घसरत जाते, तिचें गणित निराळें. पण मुलेंबाळें, डबे आणि पाण्याचे कॅन यांनीं भरलेली नाव सहसा तशी उचलत नाहीं. शिवाय जड इंजिन मागल्या फळीवर टांगलें कीं तो भाग खालीं बसतो आणि लाट तेथूनच आंत येते. नाव किती माणसें व केवढें इंजिन सोसील हें बांधणारा ठरवून देतो. ती मर्यादा ओलांडण्यास सुधारणा हें नांव देणें आम्हांस मान्य नाहीं.

आमच्या मतें पहिला खर्च माणशीं एक लाईफ जॅकेट हा होय. मुलांस मुलांच्याच मापाचें घ्यावें, कारण मोठ्यांचें जॅकेट पाण्यांत मुलाच्या डोक्यावरून निसटून जातें. आणि तें नावेंत ठेवावयाचें नसून अंगावर बांधावयाचें आहे. दुसरी वस्तु अगदींच स्वस्त: इंजिनाच्या बटणास अडकविलेली दोरी, जिचें दुसरें टोंक चालविणाऱ्यानें आपल्या अंगास बांधावयाचें. तो पाण्यांत पडला कीं दोरी सुटते व इंजिन थांबतें. नाहीं तर बेवारशी नाव गरगर फिरत त्याच्याच अंगावर येऊं शकते, आणि पंख्याच्या पात्यांस दयामाया नसते. मग पाणी उपसण्याचें भांडें, नांगर, आणि वल्हीं. पेट्रोलचे तीन वांटे करावे: एक जाण्यास, एक येण्यास, एक संकटास. एवढें झाल्यावर पैसे उरले तर खुशाल इंजिनाचा विचार करावा.

कोणी म्हणेल, हें समुद्राकांठच्या लोकांस सांगा. परंतु १४ सप्टेंबर २०२१ रोजीं आपल्याच वर्धा नदींत, पलीकडे वरुड तालुक्यांत झुंज येथें, नाव उलटून अकरा माणसें बुडालीं. तीं एकमेकांचीं नातलग होतीं. पुढें २१ मे २०२४ रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, उजनीच्या जलाशयांत कुगांव व कळाशी यांमधील प्रवासी नाव वादळी वाऱ्यांत उलटून सहा जण गेले. वळवाचें वारें बहुधा दुपारनंतर सुटतें. सकाळचें शांत पाणी पाहून संध्याकाळच्या परतीचा बेत करूं नये. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानें यांत्रिक नावांची नोंदणी व तपासणी सांगितली आहे खरी, पण कायद्याचा शिपाई प्रत्येक धरणावर कोठून उभा राहणार?

बोर धरणाच्या सहलींत, पोहतां येणाऱ्यांनीं हात वर करावे असें आम्ही म्हटलें, तेव्हां चाळीस मुलांत सहा हात वर झाले. मुलींपैकीं एकही नव्हता. पालकांनीं पुढील सुट्टीचा बेत करतांना हा आंकडा ध्यानांत घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

निबंधास आम्ही गुण चांगले दिले, आणि समासांत लिहिलें, "कपाटाची किल्ली कोणापाशीं असते?" मुलगा म्हणाला, "गुरुजी, मामीस विचारून सांगतों."