सालीची किंमत

रोजा सोडताना ताटात कलिंगड, संत्री, डाळिंब असते. एकादशीच्या उपवासालाही फळेच लागतात. फळ पोटात जाते, साल कचऱ्यात. हिंदमातासारख्या सखल भागात, जिथे पावसाळ्यात पाणी तुंबणे नित्याचे, तिथे गटारात जाणारा कचरा सर्वांनाच महाग पडतो.

या साली मात्र निव्वळ कचरा नाहीत. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन, संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन, टोमॅटोच्या सालीत लायकोपीन, कांद्याच्या टरफलात क्वेर्सेटिन ही आरोग्याला उपयुक्त मानली जाणारी द्रव्ये असतात. पाणी किंवा अल्कोहोल वापरून त्यांतली बरीचशी वेगळी काढता येतात. संत्र्या-लिंबाच्या सालींतले पेक्टिन तर जॅम-जेली घट्ट करण्यासाठी जगभर विकले जाते. हिंदमातापासून जवळच, माटुंग्याला, १९३३ पासून रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी संस्था आहे. म्हणजे ज्ञानाची वाण नाही.

अडते ते बादलीत. ओली साल काही तासांत आंबू लागते. खरकटे, तेल, प्लास्टिक यांत मिसळली की तिचा उपयोग संपतो. फवारणीचे अंश तपासावे लागतात ते वेगळेच. म्हणून घरी साली उकळून पिणे हा यावरचा उपाय नव्हे.

२०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. आता एक पाऊल पुढे जायला हवे. रसवाले आणि फळविक्रेते यांच्याकडे एकाच जातीच्या, स्वच्छ साली रोज जमतात. महापालिकेने त्या वेगळ्या, त्याच दिवशी उचलाव्यात. उरलेल्यांचे खत करावे. महिनाभर संयम शिकवणाऱ्या रमजानमध्ये याची सुरुवात झाली, तर ती सर्वांच्याच कामाची ठरेल.