डोंगराची वही



गेल्या रविवारी डोंबिवलीत एका स्नेह्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांची कन्या आणि तिचे ठाणे-कल्याणचे चार सोबती दिवाणखान्यात एक वही उघडून बसले होते. मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर, म्हणजे 5,289 मीटर उंचीवर जाण्याचा त्यांचा संकल्प आहे. वडिलांचा कापडाचा व्यापार. ते म्हणाले, "एकूण किती लागतात ते सांग आणि उद्या चेक घेऊन जा." कन्या म्हणाली, "पप्पा, एका घरातून दोन हजारांहून अधिक घ्यायचे नाहीत असे आमचे ठरले आहे." वडील किंचित दुखावले. मला मात्र मुलांचे म्हणणे पटले.

पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टची मोहीम आखली, तेव्हा कोट्यवधींचा खर्च समाजापुढे झोळी पसरूनच उभा करावा लागला होता. 19 मे 2012 रोजी त्यांचे आठ गिर्यारोहक शिखरावर पोहोचले. जो दारोदार मागतो, त्याला दारोदार उत्तरही द्यावे लागते: दोर केवढ्याचा, तंबू विकत की भाड्याने, उरलेल्या रकमेचे काय? देवद्रव्य साधारण खात्यात वळवता येत नाही, हे आपल्या घरातील मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. मोहिमेच्या पैशालाही तीच शिस्त हवी. बापाच्या एका चेकने हे सारे शिक्षण हुकते.

सरावाची हकिकत ऐकण्याजोगी होती. रविवारी पहाटेच्या कसारा लोकलने आसनगावला उतरून माहुली चढायचा, कधी मलंगगड गाठायचा, पाठीवर पंधरा किलोंची सॅक. प्रथम ते वजनासाठी पाण्याच्या बाटल्या नेत आणि माथ्यावर पाणी ओतून देत, म्हणजे उतरताना गुडघ्यांना त्रास होत नाही. आजींना हे रुचले नाही. पाण्याच्या जिवांची विराधना कशासाठी? आता सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या असतात आणि त्या खाली आणाव्याही लागतात, अशी मुलांची गोड तक्रार. आजींपुढे तक्रार चालत नाही, कारण त्यांनी तरुणपणी पालीताण्याला नव्वाणू यात्रा केली आहे. साडेतीन हजारांच्या घरातील पायऱ्या, त्याही अनवाणी. चोविहार छठ करून दोन दिवसांत सात यात्रा करणारे आजही आपल्यात आहेत. गिरिआरोहण आपल्याला नवे नाही.

नवे आहे ते बर्फ. ऊन चढले की बर्फ भुसभुशीत होते, म्हणून शिखराची चढाई मध्यरात्रीनंतर सुरू करतात. त्या उंचीवर, त्या थंडीत रात्री पाणी न पिणे जिवावर बेतू शकते. मग चोविहाराचे काय? हा प्रश्न तंबूत दमलेल्या अवस्थेत सोडवायचा नसतो. पच्चक्खाणातच आगार असतात; निघण्यापूर्वी गुरुमहाराजांपुढे बसून त्या दोन रात्रींपुरते काय घ्यावे आणि काय सोडावे, ते विचारून घ्यावे. खाखरा, सुका मेवा आणि मूगडाळीच्या खिचडीवर बाकीचे दिवस सहज निघतात.

आईची भीती वेगळी होती. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखराजवळ हिमस्खलनात पंचवीसहून अधिक जण गेले. त्यांत बहुतेक उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी होते. तेव्हा भीती खोटी नाही. परंतु मला त्याहून एका गोष्टीची अधिक चिंता वाटते. शे-दोनशे घरांचे पैसे घेऊन निघालेल्या मुलाला, हवा बिघडली तरी, रिकाम्या हाताने परतायची लाज वाटते. समाजाने फुले-हार देऊन निरोप दिला, आता तोंड कसे दाखवावे? हे ओझे तांदळाच्या पिशवीपेक्षा जड, आणि ते आपणच त्याच्या पाठीवर ठेवतो. व्यापारात तोटा दिसताच सौदा सोडणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो. पैसे देणाऱ्या प्रत्येकाने देतानाच स्पष्ट सांगावे की अर्ध्या वाटेवरून परतलात तरी आमची रक्कम कारणी लागली.

आजींनी हे ऐकून वही मागून घेतली. पहिली नोंद त्यांची झाली, 501 रुपये, आणि पुढे त्यांनी नातीकडूनच लिहवून घेतले, 'शिखर न झाल्यास हरकत नाही.' वडिलांनी खाली दोन हजार मांडले आणि विम्याचे कागद पाहायला मागितले. ते अजून काढायचे होते.