डॅशबोर्डवरील पिवळा दिवा

मोटारगाडी ही आता आपल्या खेडोपाडीही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. परगावी नोकरीस असलेला मुलगा सुटीत गाडी घेऊन येतो, आणि पुष्कळदा ती दुसऱ्या कुणी पाच-सात वर्षे वापरून विकलेली असते. अशा गाडीतील एका लहानशा दिव्याविषयी आज लिहावे असे आम्हांस वाटते. वाचक त्याच्याविषयी आमच्याकडे जितकी विचारणा करतात तितकी इंजिनाविषयीही करीत नाहीत. आणि त्यावर काळी चिकटपट्टी लावून निर्धास्त गाडी हाकणारे सद्गृहस्थही आम्ही पाहिले आहेत.

गाडी सुरू करताना चालकासमोर घोड्याच्या नालासारखी एक पिवळी आकृती, पोटात उद्गारचिन्ह घेऊन, क्षणभर उजळते व विझते. टायरमधील हवेच्या दाबावर पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेचा तो दिवा होय. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला टीपीएमएस म्हणतात. हिचा प्रसार एका मोठ्या अनर्थातून झाला. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीच्या काही टायरांचा वरचा थर धावत्या गाडीत सुटून, विशेषतः फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटून, दोनशेहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लक्ष टायर परत मागविण्यात आले, त्याच वर्षी कायदा झाला, आणि सप्टेंबर 2007 पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या गाडीस ही यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे तशी सरसकट सक्ती नाही. तथापि 2020 च्या नियमबदलाने, ही यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या लहान गाडीस स्टेपनीवाचून चालण्याची मुभा मिळाली. ज्या गाडीत स्टेपनीच नाही, तिचा हा दिवा खरे बोलतो की खोटे, हे घरच्यांस कळावयास नको काय?

यंत्रणा दोन प्रकारची असते. एकीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, एक चिमुकला सेन्सर बसविलेला असतो. तो दाब मोजून बिनतारी संदेशाने गाडीस कळवितो. दुसरीत असे काहीच नसते. हवा उतरलेले चाक किंचित लहान होते व म्हणून इतरांपेक्षा जलद फिरते, हे ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचे सेन्सर ओळखतात. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. दुरुस्तीस जाण्यापूर्वी एवढे तरी पाहावे. कारण दुसऱ्या प्रकारच्या गाडीत ‘चाकातला सेन्सर बदलला’ असे कुणी सांगेल तर ती शुद्ध थाप समजावी.

आता दिव्याची भाषा. तो स्थिर जळत राहिला तर कुठल्या तरी टायरात हवा कमी आहे. तो एक-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ निराळा असतो: यंत्रणाच आजारी आहे व दाबाविषयी ती काही सांगू शकत नाही. लुकलुकणे संपल्यावर दोन्ही दिवे सारखेच दिसतात, आणि सारा घोटाळा येथेच होतो. म्हणून शंका आल्यास गाडी बंद करून पुन्हा सुरू करावी आणि दोन मिनिटे दिव्याकडे पाहात बसावे. रोगनिदानाचा निम्मा भाग तेवढ्यात उरकतो, आणि त्यास एक पैसाही लागत नाही.

दिवा स्थिर असेल तर प्रथम गेज लावावे, तेही सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी, चाके थंड असताना. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला असतो. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो घेऊ नये. हवा भरल्यावरही दिवा लगेच विझला नाही म्हणून पुष्कळजण घाबरे होतात. वास्तविक गाडी उभी असताना चाकातले सेन्सर बहुधा निद्रिस्त असतात. काही मिनिटे चालवून मग बोलावे. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत मात्र हवा भरल्यावर बटण दाबून ‘हाच योग्य दाब’ असे यंत्रणेस शिकवावे लागते. हवा न भरताच ते बटण दाबणे हा आमच्या मते चिकटपट्टीहूनही वाईट प्रकार आहे. दिवा विझतो खरा, पण अपुरा दाबच योग्य म्हणून नोंदला जातो, आणि मऊ टायर तापत तापत फुटेपर्यंत यंत्रणा गप्प राहण्याचा संभव असतो.

ग्वाल्हेरकडील वाचकांनी थंडीचा हिशेबही ध्यानात ठेवावा. तपमान सुमारे 6 अंश सेल्सिअस उतरले की दाब सुमारे 1 पौंडाने उतरतो. 33 पौंड हवी असताना दुपारी 30 अंशांत 28 पौंडच असली, तर पहाटे 6 अंशांत ती साडेचोविसाच्या आसपास येते. पुष्कळ गाड्यांत एक चतुर्थांश दाब घटला की दिवा लागतो. म्हणून तो पहाटे लागतो आणि चाके तापल्यावर विझतो. हा यंत्रणेचा दोष नव्हे. हवा दुपारीही कमीच होती.

लुकलुकणाऱ्या दिव्याच्या बाबतीत, गाडीत चाकातले सेन्सर असतील, तर एकच प्रश्न विचारावा: किती चाके मुकी आहेत? आमच्या परिचयाच्या एका कुटुंबास एका गॅरेजात चारही सेन्सर बदलण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या कारागिराने हातातले यंत्र एकेका व्हॉल्व्हपाशी धरले. ते सेन्सरला जागे करून त्याचा क्रमांक व दाब वाचते. तिघे बोलले, एक मुका निघाला. महिन्यापूर्वी ज्याचे पंक्चर काढले होते तेच ते चाक. टायर उचकटताना पहार सेन्सरवर बसली होती. चौघेही यंत्रास उत्तर देत असून दिवा लुकलुकत असेल, तर दोष बहुधा गाडीच्या रिसीव्हरात, फ्यूजमध्ये किंवा सेन्सरांचे क्रमांक गाडीस न शिकविण्यात असतो. सेन्सरची बॅटरी मात्र आत बंदिस्त असते, ती साधारण पाच ते दहा वर्षे टिकते व निराळी बदलता येत नाही. जुन्या गाडीत एक वयोमानाने गेला, तर उरलेल्या तिघांसाठी पैसे बाजूस ठेवलेले बरे. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेत लुकलुकण्याबरोबर एबीएसचाही दिवा लागला असेल, तर चाकाजवळची वायर तुटली आहे काय ते आधी पाहावे. तेथे प्रश्न ब्रेकचाही असतो.

जुनी गाडी विकत घेताना पुस्तिकेत ही यंत्रणा असल्याचे लिहिले असून सुरुवातीचा तो क्षणभराचा उजेड मुळीच दिसला नाही, तर दिवा कुणीतरी तोडला असावा असे धरून चालावे व सौदा तेथेच थांबवावा.

गोव्याकडे खाऱ्या हवेने आणखी एक उपद्रव होतो. सेन्सरचा व्हॉल्व्ह पुष्कळदा ॲल्युमिनियमचा असतो. त्यावर पितळी टोपण किंवा आत साधी पितळी सुई बसविली की दोन धातू एकमेकांस खातात, टोपण जाम होते आणि पकडीने पिळताच सारा व्हॉल्व्ह हातात येतो. प्लॅस्टिकचे टोपण वापरावे, आणि सुई निकेलचा मुलामा दिलेली मागावी.