घरच्या घरी: येझदीचे इंजिन उतरवताना

वडिलांच्या काळातली येझदी अजून काही घरांच्या ओसरीत उभी आहे. म्हैसूरचा तिचा जुना कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यामुळे मोडलेला भाग सहजासहजी मिळत नाही. घाई केली तर नुकसान आपलेच.

काम उघड्यावर करा. बॅटरीच्या तारा आधी सोडवा. पेट्रोलचा कॉक बंद करून टाकी उतरवा आणि चुलीपासून, गॅसपासून, विडी-काडीपासून दूर ठेवा. पोरांना जवळ फिरकू देऊ नका. हे इंजिन टू-स्ट्रोक. त्याचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, पण गिअरपेटीचे तेल वेगळे. ते खालचा बोल्ट काढून डब्यात घ्या, गटारात ओतू नका.

मग दोन्ही सायलेन्सर. त्यांच्या गोल नटांना हुकाचा पाना लावा. छिन्नी-हातोडी मारली तर सिलिंडरचे आटे जातात. पुढे कार्बुरेटर, क्लचची तार आणि चेन. चेनची क्लिप परत बसवताना तिचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवे. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

शेवटचे बोल्ट काढण्याआधी इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवा. उचलायला दोघे हवेत. एकट्याने बळ दाखवू नका. रोजंदारीवर जाणाऱ्याची कंबर धरली तर चूल थंडावते. गाडी चार दिवस थांबेल, घर थांबत नाही.