गारगोटीची साक्ष नोंदवून घ्या

सिंधुदुर्गातल्या तारकर्लीच्या पुळणीवर मूठभर वाळू उचला. शिंपल्यांच्या चुऱ्यात पांढुरके, काचेसारखे कण दिसतील. ते क्वार्ट्झचे, म्हणजे आपल्या गारगोटीचे. गारगोटी स्वतः किरणोत्सर्गी नाही, पण शेजारच्या किरणोत्सर्गाची खूण ती अंगावर जपते. या आठवड्यात तिच्याविषयीच लिहायचे आहे.

युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे. त्याचे शिसे होईपर्यंत एकेका अणूतून ८ अल्फा कण बाहेर पडतात. युरेनियमच्या खनिजाला चिकटलेल्या क्वार्ट्झमध्ये ते जेमतेम ०.०४ मिलिमीटर खोल शिरतात. तेवढ्या थरात सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध तुटतात, अणू जागचे हलतात. इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली कणाची ती कड वेगळ्या तेजाने चमकते. गॅमा किरण त्याहून खूप खोल जातात आणि अ‍ॅल्युमिनियमचा अंश असलेली गारगोटी धुरकट करतात.

खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ऑक्सिजनयुक्त भूजलात युरेनियम विरघळते आणि दुसरीकडे वाहून जाते. गारगोटीवरची इजा मात्र खडक फार तापला नाही तर तशीच राहते. म्हणून कॅनडाच्या अथाबास्का खोऱ्यात भूवैज्ञानिक क्वार्ट्झमधले हे दोष मोजून युरेनियम कुठून गेले, कुठे साठले, याचा माग काढतात.

सिंधुदुर्गात युरेनियमची खाण नाही. पण बेळगाव जिल्ह्यात देशनूरला कलादगी खोऱ्यातल्या वालुकाश्मात अणुखनिज संचालनालयाला युरेनियम सापडले आहे. त्याच कलादगी समूहाचे खडक आपल्याकडे फोंडा-कासार्डे भागात उघडे पडले आहेत. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे खडक त्याहूनही कितीतरी जुने. कासार्ड्याची सिलिका वाळू यांतूनच निघते आणि काचेच्या भट्ट्यांकडे जाते. भट्टीत वितळली की कणांत साठलेली सगळी नोंद पुसली जाते.

किनाऱ्यावरच्या वाळूतही किरणोत्सर्गाची अशी नोंद होत असते, फक्त फार सावकाश. मातीत सर्वत्र असणारे युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम गाडलेल्या कणाला वर्षाला काही मिलिग्रे एवढीच मात्रा देतात. त्यामुळे सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांत अडकत जातात. कणाला ऊन लागले की ते सुटतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येते. अडकलेले इलेक्ट्रॉन प्रयोगशाळेत प्रकाशाने सोडवून, निघणारी चमक मोजून, वाळू कधी गाडली गेली हे सांगण्याची पद्धत १९८५ साली हंटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात मांडली. आपल्या देशात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अशोक सिंघवी यांनी या शाखेचा पाया घातला.

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथले लोक धूप सोसत आहेत. ही पट्टी किती वर्षांत वाढली, मोठ्या लाटा पूर्वी कधी आत आल्या, याची उत्तरे तिच्या थरांतल्या कणांत असू शकतात. बंधारा कुठे आणि किती उंच बांधायचा, हे ठरवताना ती उत्तरे उपयोगी पडतील. पण खाडीतून उपसलेली आणि उन्हात ओतलेली वाळू काहीच सांगू शकत नाही. त्या वाळूने घर बांधता येते, किनाऱ्याचा इतिहास वाचता येत नाही.

उपसा रातोरात थांबेल असे मी म्हणत नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. वाळूच्या आणि सिलिकाच्या प्रत्येक पट्ट्याला परवाना देण्यापूर्वी ताज्या कापावर पाइप ठोकून, उजेड न लागू देता नमुने घ्यावेत, तोंडे काळ्या कापडाने बंद करावीत आणि जागेच्या नोंदीसह ते जपून ठेवावेत. ग्रामसभांनी तसा ठराव करावा आणि जिल्हा प्रशासनाने ती परवान्याची अट करावी. खर्च थोडा आहे. एकदा ऊन लागले की तो कण पुन्हा साक्ष देत नाही.