पान आपले, जाहिरात कोणाची?

नेरूळच्या पामबीच मार्गालगत जाहिरातीचा फलक उभा करावयाचा झाला, तर महानगरपालिकेची परवानगी लागते, शुल्क भरावे लागते, फलकाची लांबी-रुंदी सांगावी लागते. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात एक अजस्र फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हापासून ह्या मोजमापाचे महत्त्व कोणास सांगावे लागत नाही. परंतु त्याच नेरूळच्या स्थानकातून सकाळच्या लोकलने मुंबईस निघालेल्या कारकुनाच्या हातातील मोबाइलवर तासाभरात जे फलक उभे राहतात आणि मावळतात, त्यांची मोजदाद कोणी करीत नाही. त्याहून चमत्कारिक गोष्ट ही की, ज्या संकेतस्थळावर तो बातमी वाचीत असतो, त्याच्या चालकासही आपल्या पानावर ह्या क्षणी कोणती जाहिरात झळकत आहे ह्याचा पत्ता नसतो. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने तेच पान उघडले, तर त्याला दुसरीच जाहिरात दिसेल.

असे होते ह्याचे कारण ह्या व्यवसायाच्या रचनेत आहे. वाचकाने पान उघडले की, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तेथील रिकाम्या चौकटीचा लिलाव पुकारला जातो. वाचक कोठला, त्याने ह्यापूर्वी काय पाहिले, पानावर कोणता विषय आहे, इतक्या माहितीवर जाहिरातदारांच्या वतीने यंत्रे बोली लावतात आणि जो अधिक देईल त्याची जाहिरात चौकटीत बसते. गूगलने २००३ साली ‘ॲडसेन्स’ ही योजना काढून हा बाजार लहानात लहान चालकासही खुला केला. हिंदी मजकुरास तिचे दार २०१४ च्या डिसेंबरात उघडले, मराठीस त्याच्याही नंतर. एकट्या माणसाने चालविलेल्या मराठी संकेतस्थळास घरबसल्या काही रुपये मिळू लागले, हा ह्या योजनेचा उपकार नाकारण्याचे कारण नाही. मात्र सोय म्हणून जी गोष्ट आली, तिच्या पाठोपाठ एक अंगवळणी पडलेला आळसही आला. जाहिरात निवडणे हे आपले कामच नव्हे, असे चालक मानू लागला.

वस्तुतः निवडीची साधने त्याच्या हाती दिलेली आहेत. अमुक जाहिरातदार नको, अमुक प्रकार नको, असे त्याला सांगता येते. झटपट श्रीमंतीची आमिषे, ज्योतिष व तोडगे, वजन उतरविण्याची औषधे, विवाहबाह्य ओळखींकडे बोट दाखविणाऱ्या मैत्रीच्या योजना असे संवेदनशील प्रकार वेगळे काढून ठेवलेले असतात आणि त्यांपैकी प्रत्येकाने किती जागा घेतली व किती उत्पन्न दिले, हेही चालकास पाहता येते. ह्या साधनांविषयी चालकांमध्ये एक समजूत दृढ आहे. ती अशी की, स्वस्त जाहिराती अडविल्या म्हणजे त्यांच्या जागी आपोआप महाग जाहिराती येतात. लिलावाचा साधा हिशेब मांडला तरी ही समजूत टिकत नाही. महाग बोली असती, तर तिनेच लिलाव जिंकला असता; स्वस्त जाहिरात आली ती अधिक देणारा कोणी नव्हता म्हणून. तिला दार लावले, तर तिच्याहून कमी देणारा आत येईल, किंवा चौकट रिकामी राहील. २०२१ पासून ॲडसेन्सच्या लिलावात जिंकणाऱ्याने आपल्या बोलीइतकीच रक्कम द्यावयाची पद्धत आली. तेव्हा तर ह्याविषयी शंकेस जागाच उरली नाही. नको त्या जाहिराती नाकारणाऱ्यास त्या महिन्यात तोटा होतो, हे स्पष्टपणे मान्य करावयास हवे. मराठीत बोली लावणारेच इंग्रजीच्या मानाने थोडे, त्यामुळे हा तोटा अधिकच बोचतो.

मग नाकाराव्याच कशासाठी? ह्या पेचाचा उलगडा करण्यास संगणकयुगापर्यंत येण्याची गरज नाही. दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’ चालविताना गांधीजी ह्याच पेचातून गेले होते. त्या लढ्याच्या इतिहासात त्यांनी तो अनुभव नोंदविला आहे. कोणती जाहिरात घ्यावी आणि कोणती घेऊ नये, ह्याची खल सतत चाले. एखादी जाहिरात आक्षेपार्ह वाटली, तरी देणारा समाजातील वजनदार गृहस्थ म्हणून ती नाकारता येत नसे. शिवाय जाहिराती मिळविण्यात आणि त्यांची थकबाकी वसूल करण्यात चांगले कार्यकर्ते गुंतून पडत. अखेर त्यांनी जाहिरातीच बंद केल्या आणि वाचकांच्या वर्गणीवर भिस्त ठेवली. एके काळी त्या पत्राचे वर्गणीदार साडेतीन हजारांपर्यंत गेले होते. उलट टोकाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ मुळी कारखान्याच्या मालाच्या प्रसिद्धीसाठीच जन्मास आली आणि पुढे तिचे एक मातब्बर मराठी मासिक झाले. पहिल्या पत्राने जाहिरात टाकली आणि दुसरे जाहिरातीतूनच वाढले. परंतु आपल्या पानावर काय छापले जात आहे, हे दोन्ही ठिकाणच्या संपादकांना माहीत होते.

हे माहीत असणे आता केवळ अभिरुचीचा भाग राहिलेला नाही. अद्भुत गुणांच्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने निर्बंध घातलेले आहेत. परदेशी सट्टेबाजीच्या जाहिराती दाखवू नयेत, असे माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ च्या ऑक्टोबरात बातम्यांच्या संकेतस्थळांनाही बजावले. सट्टेवाल्यांनी वृत्तसेवेचा मुखवटा चढवून जाहिराती पाठविण्यास आरंभ केला होता, त्याचाही त्यात उल्लेख होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. ‘चौकट यंत्राने भरली’ हा खुलासा वाचक ऐकून घेईल असे नाही. शिक्षकाने मुलांना वाचावयास सुचविलेल्या लेखाशेजारी जुगाराचे निमंत्रण दिसले, तर तो यंत्राला दोष देत बसत नाही. तो ते पान पुन्हा सुचवीत नाही. तोटा होतो तो येथे, आणि तो कोणत्याही कोष्टकात दिसत नाही.

जाहिरातींची संख्या वाढवून ही भर काढू पाहणारे चालकही पुष्कळ आहेत. मजकूर झाकणारी चौकट, बंद करावयाची खूण न सापडणारा पडदा, आपोआप ओरडू लागणारे चित्रण, हे प्रकार वाचकांच्या पूर्ण परिचयाचे आहेत. त्याचा अतिरेक इतका झाला की, २०१८ पासून गूगलचाच क्रोम अशा संकेतस्थळांवरील सगळ्याच जाहिराती गाळू लागला आणि २०१९ मध्ये ही व्यवस्था जगभर लागू झाली. दुकानही त्यांचे आणि दुकानासमोरचा पहारेकरीही त्यांचाच! अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संघराज्य न्यायालयाने १७ एप्रिल २०२५ रोजी जो निकाल दिला, तो ह्याच प्रकारच्या दुहेरी भूमिकेस अनुलक्षून होता. प्रकाशकांची जागा विकणारे साधन आणि लिलावाचा बाजार ह्या दोहोंत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली, असे त्या न्यायालयाने ठरविले. त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपीय आयोगाने ह्याच व्यवहारापायी २९५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. भारतातील वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने गूगलच्या चौकशीचा आदेश जानेवारी २०२२ मध्येच दिलेला आहे. ह्या निकालांनी दलालाची पकड केव्हा सैल होईल ती होवो. नेरूळच्या बातम्या देणाऱ्या एखाद्या लहान संकेतस्थळास तोवर थांबून चालणार नाही.

त्याचा खरा जाहिरातदार पडद्याआडच्या लिलावात नाही. तो सेक्टरातल्या रस्त्यावर बसलेला आहे. शिकवणीवर्ग चालविणारे, दाताचे डॉक्टर, चष्म्याचे दुकान, पोळीभाजी केंद्र, हंगामात वाशीच्या बाजारातून हापूस आणून घरपोच देणारा तरुण, ह्यांना अवघ्या महाराष्ट्राचे वाचक नको आहेत. त्यांना नेरूळ, सीवूड्स आणि जुईनगर हवे आहे. आज त्यांचा पैसा मोठ्या कंपन्यांच्या तिजोरीत जातो आणि त्यातला दलाली वजा झालेला अंश फिरून त्याच गावच्या संकेतस्थळाकडे येतो. ती चौकट पंधरा दिवसांच्या ठरीव दराने थेट देता आली, तर दर चालकाने ठरवावयाचा आणि मजकूरही त्याने आधी पाहावयाचा. ह्या मार्गात अडचणी नाहीत असे नव्हे. गांधीजींना नडलेली वसुलीची कटकट येथेही आहे, आणि बातमी लिहिणाऱ्यानेच दुकानदाराकडे बिल घेऊन जाणे बरे नव्हे, कारण उद्या त्याच दुकानाच्या पदपथावरील अतिक्रमणाची बातमी त्याला द्यावयाची असते. त्यासाठी टक्केवारीवर काम करणारा निराळा माणूस नेमावा, पैसे आगाऊ घ्यावेत, दरपत्रक पानावरच उघड छापावे, आणि एवढे करूनही जी जागा शिल्लक राहील तीच, नको ते प्रकार बंद करून, लिलावास सोडावी.